आमच्याकडे दिवस भरत आलेत

"परचुरे, ही रेषा वर का जाते?"

डॉक्टर भडकमकरांनी आलेख उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला आणि मग हे विचारलं. विचारल्यावर तेच जरा ओशाळले. श्रम-समय संशोधन मंडळात 'का' हा शब्द वापरायचा रिवाज नव्हता. 'किती' विचारत, 'केव्हा' विचारत, 'कुणाच्या मंजुरीनं' हे तर रोजच विचारत; पण मंडळ स्थापन झाल्यापासून कुणी कुणाला 'का' विचारल्याचं परचुरेला आठवत नव्हतं. शनिवार पेठेतल्या एका छापखान्याच्या माडीवर मंडळाच्या दोन खोल्या होत्या. खाली लग्नपत्रिका छापत, वर राष्ट्राची कार्यक्षमता वाढवीत. आणि खालचं यंत्र सुरू झालं की वरची टेबलं थरथरत, त्यामुळे मंडळात काहीतरी चालू आहे असं निदान वाटे तरी. ते यंत्र नेमकं त्या क्षणी थांबलं आणि तो 'का' टेबलावर उघडा पडून राहिला. "घंटेमुळे, सर," परचुरे म्हणाला. "हं," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा पुसत, भिंतीकडे बघत म्हणाले, "नाही, म्हणजे सोमवारी दिल्लीचे माथुर येतायत. गिरणी बघणार म्हणतात. ते विचारतील." पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. मंडळाचं अनुदान मार्चअखेर संपत होतं. माथुरसाहेब खूश झाले तर मंडळाला आणखी तीन वर्षं आणि परचुरेच्या हुद्द्यामागचं 'तात्पुरता' हे बिरूद जाणार. नाही झाले तर छापखानेवाल्याला कागदाच्या रिमांसाठी माडी हवीच होती. तसं त्यानं दोनदा सांगूनही ठेवलं होतं.

जिना उतरताना परचुरे एकेक पायरी गाळत सुटला. भीती असावी, असं त्याला वाटलं. लक्ष्मी रस्त्यावर येईपर्यंत लक्षात आलं, की ही भीती नव्हे. हा चक्क आनंद आहे. ज्याचं उत्तर फायलीत नाही असा प्रश्न छत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारला होता. 'घंटेमुळे' हे उत्तर चुकीचं आहे हे ते तोंडातून बाहेर पडतानाच त्याला कळलं होतं, आणि त्याच्या अंगावर जो काटा आला तो त्यामुळेच. कारण घंटा काढून टाकल्यावरही रेषा वर गेली होती! 'वेळेचे नियोजन व त्याचे कामावर होणारे परिणाम' हा विषय घेऊन परचुरे खडकीला हिंडला, चिंचवडला हिंडला. कारखानदारांना वाटलं हा युनियनचा माणूस, युनियनला वाटलं हा कारखानदारांचा. शेवटी पौडहून कोळवणला जाणाऱ्या रस्त्यावर भाताची गिरणी चालवणारा पीरमहंमद शेठ तेवढा म्हणाला, "बगा की. बगायला काय जातंय?" मग परचुरेनं वेळापत्रकाचा फळा रंगवून नेला, घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा आढ्याला टांगला, इंजिनवाल्या जयसिंगच्या हातात हातोडा दिला. पहिला आठवडा नुसता बघितला. दुसऱ्या आठवड्यात घंटा सुरू केली, काम वाढलं. विश्रांती दिली, काम वाढलं. विश्रांती काढून घेतली, तरी वाढलं. चहा पुढं ढकलला, मागं ओढला, रद्द केला. शेवटी घंटाच उतरवून ठेवली. गिरणीतल्या बायका पाखडत होत्या, निवडत होत्या, पोती भरत होत्या, आणि रेषा आपली घाट चढणाऱ्या एस.टी.सारखी कण्हत-कुंथत का होईना, वर. घरी त्यानं तो आलेख स्वयंपाकघराच्या दारावर टाचून ठेवला होता. कुमुदनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती हातातली पळी तशीच धरून म्हणाली होती, "अगंबाई, कुणाला एवढा ताप आला?"

देशातली सगळी मापं तेव्हा बदलत होती. नवे पैसे येऊन दोन वर्षं झाली होती, शेराचा किलो होऊ घातला होता. तास तेवढा अजून जुनाच राहिला होता, आणि त्यालाही कुणीतरी हात घालायला हवा असं परचुरेचं लहानपणापासून मत होतं. त्याच्या वडिलांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढं लावून ठेवलं होतं. गाडी चुकू नये म्हणून. त्यांना कुठल्याच गाडीनं कुठं जायचं नसे, पण ती चुकू नये एवढी मात्र त्यांनी जन्मभर खबरदारी घेतली. त्यामुळे परचुरे कुटुंब जगाच्या जरासं पुढं राही आणि जग येईपर्यंत ताटकळत बसे. शाळेचं दार उघडायच्या आधी परचुरे दाराशी. पंगत बसायच्या आधी परचुरे पाटावर. मुंजीत भटजी यायच्या आधी त्याचं डोकं तासून तयार, आणि स्वतःच्या लग्नात तर मांडव घालणाऱ्यांनी त्याला बांबू धरायला लावला होता. वाट बघणं हा त्याचा मुख्य अभ्यास, संशोधन नंतरचं. त्याच्यासाठी मात्र कधी कुणी धावत आलंय, धापा टाकत 'फार वेळ थांबलास का रे' म्हणालंय, असं त्याला आठवत नव्हतं. आणि मग लग्न झालं ते कुमुदशी. तिचं 'आलेच' हे उत्तर मंडळानं अभ्यासावं असं होतं. अंगावर घरचंच लुगडं, केस मोकळे, दूध उतू जाण्याच्या बेतात, आणि आतून आवाज, "आलेच!" आपल्या भाषेत जागेवरून न हललेला माणूस 'आलोच' म्हणतो आणि उंबरा ओलांडून चाललेला माणूस 'येतो' म्हणतो, असल्या भाषेच्या लोकांना घड्याळ देऊन काय उपयोग, असा प्रश्न परचुरेला पूर्वी पडे. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यानं तिला स्वयंपाकघराचं वेळापत्रक करून दिलं होतं. सुरेख अक्षर, लाल शाईच्या ओळी. तिनं ते तिखटाच्या डब्याखाली घातलं. "डाग पडत नाहीत फळीला," ती म्हणाली. त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत घरात तिसरं माणूस आलं नव्हतं. त्या बाबतीत परचुरेचं म्हणणं, त्याला त्याचा वेळ दिला पाहिजे, असं होतं. कुमुदचं काय म्हणणं होतं ते त्यानं विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी कोळवणच्या एस.टी.त खिडकीशी बसलेल्या परचुरेच्या शेजारी तो 'का' अंग चोरून बसला होता. भूगाव गेलं, भुकूम गेलं. पिरंगुटचा घाट चढताना गाडीचा आवाज बदलला तशी परचुरेच्या छातीची धडधड बदलली. कदाचित, त्याला वाटलं, कदाचित फळ्याचा रंग! हिरवा रंग डोळ्यांना थंड. किंवा जयसिंगच्या इंजिनाची लय. एक दोन, एक दोन, हात आपोआप चालतात. किंवा आंबेमोहोराचा वास. नव्या तांदळाच्या वासानं भूक लागते, भुकेनं हात उचलतो. प्रत्येक कारण सुचलं की तो खिडकीची दांडी आवळून धरी. आपण काहीतरी मोठ्या गोष्टीच्या अगदी दाराशी आलोय, या वेळी दार उघडायच्या आधी नव्हे, उघडता उघडता आलोय, असं त्याला वाटे, आणि बाहेरची कापणी होऊन गेलेली खाचरं, कडेला रचलेले पेंढ्याचे ढीग, बांधावर उभी असलेली एक शेरडी, सगळं आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटे. शेजारी बसलेला माले गावाकडचा एक म्हातारा शेवटी म्हणाला, "पावनं, बरं न्हाई का? हात लई कापत्यात." "नाही हो, आनंद झालाय," परचुरे म्हणाला. म्हातारा जरा सरकून बसला.

गिरणीच्या आवारात भात वाळत पडलं होतं. आत बायका सुपं घेऊन बसल्या होत्या आणि तुसाचा सोनेरी धुरळा कवडशात तरंगत होता. रोज परचुरे ओट्यावर एका जागी उभा राही. एका हातात थांबतं-चालतं घड्याळ, दुसऱ्या मनगटावर नेहमीचं. कळ दाबताना हात हलू नये म्हणून तो श्वास धरी, दाबून झाल्यावर सोडी. दिवसाचं भात ठरलेलं. ते संपलं की त्याचं मोजणं संपलं. लवकर संपलं तर दुपारची एस.टी., नाही तर संध्याकाळची. आज तो ओट्यावर चढलाच नाही. सरळ बायकांपुढं जाऊन उकिडवा बसला. पहिला दिवस सोडला तर एवढ्या आठवड्यांत तो त्यांच्याशी 'हं', 'चालू द्या' आणि 'माझ्याकडे बघू नका' याखेरीज काही बोलला नव्हता. सगळ्यांत वडील रत्नाबाई. तिच्या कपाळावर आणि भुवयांवर नेहमी कोंडा बसलेला असे, त्यामुळे ती सदा आश्चर्यात पडल्यासारखी दिसे. तिच्या शेजारी साळूबाई, जिचं तोंड सुपापेक्षा जोरात चाले.

"रत्नाबाई, एक विचारायचंय," परचुरे म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही सगळ्या एवढं भराभर काम का करता?"

सुपं थांबली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. साळूबाईनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजी?" रत्नाबाई म्हणाली. "करू नगं व्हय?"

"करा, करा! पण का? घंटा होती तेव्हाही केलंत, काढली तेव्हाही केलंत. चहा दिला तरी, नाही दिला तरी. का?"

"आता ह्ये काय इचारनं झालं," रत्नाबाई म्हणाली. "तुमची खोटी व्हती न्हवं?"

"माझी खोटी?"

"मंग! हितं आमचं भात सरंना आन् तितं तुमचा जीव टांगलेला. दुपारची यस्टी घावली तर तेवढंच लवकर घरी. मानसाला मानुसकी नगं?"

"पण घरी कशाला?"

आता मात्र साळूबाईला राहवलं नाही. "अवो सायेब, लाजताय काय असं? तुमीच तर म्हनला व्हता पयल्या दिशी. म्या इचारलं, 'सायेब, घडी घडी घड्याळ का बगताय, एवडी घाई कशाची?' तर तुमी म्हनला, 'काय सांगू बाई, आमच्याकडे दिवस भरत आलेत.'"

परचुरेच्या कानात इंजिन शिरलं. पहिला दिवस त्याच्या डोळ्यांपुढं आला, तुसाच्या धुरळ्यासकट. ही बाई विचारत होती, आणि तो, नोकरदार माणूस जसा कुणालाही 'आमच्याकडे' म्हणताना कचेरीच डोळ्यांपुढं आणतो तसा, मंडळाबद्दल बोलला होता. आमच्याकडे. म्हणजे शनिवार पेठेत, छापखान्याच्या माडीवर. दिवस भरत आलेत. म्हणजे अनुदानाची मुदत, मंडळाची घटका. जरा विनोदच केला होता त्यानं. आणि तो कुणाला कळला नाही याचं त्याला परतीच्या गाडीत वाईटही वाटलं होतं. पण गिरणीत बसून ऐकणाऱ्या बायकांना, ज्यांचे नवरे बायकोचं नाव घेत नाहीत, 'आमच्याकडं' नाही तर 'आमच्यात' एवढंच म्हणतात, त्यांना दुसरं काय कळणार होतं? परका माणूस घडी घडी मनगटावर बघतो, श्वास धरतो, सुस्कारा सोडतो. घरी बायको आज-उद्याच्या बोलीवर.

"आमी रोज म्हनायचो," मागून एकजण बोलली, "कसला सायेब ह्येचा, असल्या दिसांत धाडतोय उन्हातान्हात हुबं ऱ्हायाला."

"आन् ह्ये बोलायचं न्हाईत कायबी," साळूबाई म्हणाली. "भित्यात बिचारं. पयलटकरीन असंल, म्हनलं."

"मंग?" रत्नाबाईनं सूप मांडीवर घेतलं. सगळ्या सुपांमागून सगळे डोळे परचुरेवर आले. "लई दीस झालं की वो. झालं का काय? पोरगा का पोरगी?"

सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. ते परचुरेच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग त्याला सोमवार दिसला: माथुरसाहेब ओट्यावर उभे, बायका आपल्या नेहमीच्या चालीनं गप्पा मारत पाखडतायत, आणि आलेखावरची रेषा ओल्या पापडासारखी खाली लोंबतेय. दुसरं वाक्य त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "अजून नाही," तो म्हणाला. "अगं बया," रत्नाबाई म्हणाली. "चला गं, हात उचला!" आणि त्या दिवशी गिरणीत जे काम झालं त्यानं जयसिंगच्या इंजिनाचा पट्टा दोनदा उतरला. सुपांचा आवाज टाळ्यांसारखा चालला होता. पीरमहंमद शेठ जेवण टाकून बाहेर आला आणि म्हणाला, "काय हो, आग लागलीया का?" परचुरे भिंतीला टेकून उभा होता. कळ दाबायचं त्याला सुचलं नाही. आपल्यासाठी, परचुरेसाठी, मांडवाचे बांबू धरून ताटकळलेल्या माणसासाठी, ओळीनं बसलेल्या या सगळ्या बायका गेले कित्येक आठवडे जिवाच्या आकांतानं घाई करत होत्या. एका नसलेल्या बाळाला बाप वेळेवर भेटावा म्हणून. लाज वाटावी असा हा प्रसंग होता. ती वाटलीही, कानांच्या पाळ्या तापल्या. पण लाजेच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते रेषेसारखं वर, आणखी वर जात होतं, आणि त्याला वाटलं, आपण आता मोठ्यानं ओरडणार.

दुपारची एस.टी. मिळाली, हे सांगायला नकोच. गाडीत तो निष्कर्ष रचत सुटला. कामाचा वेग घंटेवर नाही, चहावर नाही. कुणाची तरी खोटी होऊ नये यावर आहे. मग राष्ट्रीय पातळीवर काय करावं? प्रत्येक कारखान्यात एक उतावळा नवरा नेमावा? प्रत्येक कचेरीच्या दाराशी कुणाला तरी गाडी गाठायची आहे असं जाहीर करावं? तो एकटाच हसत होता. मग पिरंगुटचा घाट उतरताना एकाएकी त्याला 'अजून नाही' हे दोन शब्द ऐकू आले, आणि ते कुमुदच्या आवाजात ऐकू आले. सहा वर्षांत सासरमाहेरच्या किती बायकांनी तिला विचारलं असेल आणि तिनं किती वेळा हे उत्तर दिलं असेल? ते देताना ती कुठं बघत असेल? तो मोजायला लागला आणि थांबला.

घरी आल्या आल्या, पायांतल्या वहाणा न काढता त्यानं तिला सगळं सांगितलं. नकला करून सांगितलं. कुमुद ऐकता ऐकता खाली बसली, हसली, भिंतीला टेकून हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि तो तिथं जरा जास्तच वेळ राहिला. "आणि तुम्ही काय सांगितलंत?" तिनं पदराआडून विचारलं. त्यानं सांगितलं. "अजून नाही," ती सावकाश म्हणाली. "खोटं नाही म्हणता यायचं." मग उठून तिनं चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "सोमवारी मी येते गिरणीवर."

"तू? अगं, पण त्या बघतील ना तुला!"

"बघू देत."

"तसं नव्हे. त्यांना दिसलं की, म्हणजे, काही दिसलं नाही की, त्यांची घाई संपणार. माथुरांच्या डोळ्यांदेखत रेषा खाली. मंडळ गेलं, मी गेलो."

"तुमच्या मंडळाचे दिवस भरले," कुमुद म्हणाली, "म्हणून माझे भरलेले दाखवणार तुम्ही? एकदा तरी कुणी माझी वाट बघतंय म्हणता, तर तोंड दाखवून येते."

तिला नको म्हणता आलं असतं. कारणंही होती, पाहिजे तेवढी. पण तिनं हे सांगताना त्याच्याकडे पाहिलं नाही, आधणाकडे पाहिलं; आणि परचुरेला आयुष्यात दुसऱ्यांदा एका 'का'चा धक्का बसला, फक्त या वेळी तो त्यानं स्वतः विचारायला हवा होता आणि सहा वर्षं विचारला नव्हता. "सहाची गाडी आहे," एवढंच तो म्हणाला. सोमवारी पहाटे तो दाढी करत होता तेव्हा दारातून आवाज आला, "झालं का तुमचं?" हिरवं काठाचं पातळ, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात पिशवी, कुमुद तयार होऊन उंबऱ्याशी उभी होती. वाट बघत. परचुरेनं घाईत हनुवटी कापून घेतली. "आलोच!" तो ओरडला आणि पुन्हा साबण लावायला लागला.

ती दोघं गिरणीच्या फाट्यावर उतरली तेव्हा जीप आधीच आली होती. डॉक्टर भडकमकर हॅट घालून फळ्याखाली उभे होते. माथुरसाहेब उंच, गोरे, मफलर गुंडाळलेले, ओट्यावर परचुरेच्याच जागी उभे राहून आत बघत होते, आणि आत सुपं अशी उडत होती की ते मधून मधून "वा!" म्हणत होते. डॉक्टरांनी परचुरेला पाहून भुवया नाचवल्या: उत्तम चाललंय! मग मागं कुमुद दिसली आणि भुवया तशाच राहिल्या. परचुरेला उड्या माराव्याशा वाटत होत्या. तो दारातून आत गेला. "रत्नाबाई," तो म्हणाला, आणि बोट मागं दाखवून, नाव न घेता म्हणाला, "ह्या आमच्याकडच्या."

एक सूप थांबलं, दुसरं थांबलं, मग सगळी. साळूबाईची नजर कुमुदच्या वेणीपासून निघाली, पोटाशी अडखळली, पायांपर्यंत जाऊन पुन्हा पोटाशी आली. रत्नाबाईच्या कोंडा बसलेल्या भुवया आता खरोखरीच्या आश्चर्यात होत्या, आणि त्या आश्चर्यामागं हळूहळू एक काळजी दाटत चालली होती. ती पुढं होऊन, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "लेकी... काय इपरीत तर न्हाई न्हवं?"

"नाही मावशी," कुमुद घाईनं म्हणाली. "दिवस भरलेत ते ह्यांच्या कचेरीचे. सरकारचा पैसा मार्चात संपतो, तर हे म्हणाले आमच्याकडे दिवस भरले. माझ्याकडे," ती हसली, "माझ्याकडे अजून दिवस उगवलाच नाही."

मग साळूबाईच्या तोंडून एक फुर्रकन आवाज आला, आणि तुसाचा ढीग कोसळावा तशा सगळ्या बायका हसत एकमेकींवर पडल्या. "कचेरी बाळंत व्हतीया गं बया!" "सरकारचं डोहाळं!" "आन् आमी सुपं मोडली की गं त्या कचेरीपायी!" साळूबाई परचुरेकडे हात करून म्हणे, "ह्ये... ह्ये..." आणि तिला पुढं बोलताच येईना. परचुरेही हसत होता. त्याला ते थांबवता येत नव्हतं, आणि हनुवटीवरची जखम पुन्हा भळभळायला लागली होती. रत्नाबाईनं डोळे पुसले. मग तिनं कुमुदला हाताला धरून पोत्यावर बसवलं. "सवाशीन पयल्यांदा आलीया गिरनीत. तशीच धाडायची व्हय?" हळदकुंकवाची डबी कुणाच्या तरी कनवटीतून निघाली. आंबेमोहोराचं भरलेलं सूप आलं, आणि रत्नाबाईनं ओंजळी ओंजळीनं कुमुदची ओटी भरली. ओटीवर तिनं खणाच्या तुकड्यांची, तान्ह्या बाळाची एक एवढीशी कुंची ठेवली. कुमुद ती हातात घेऊन बघत राहिली. "शिवलीया तर ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," रत्नाबाई म्हणाली. "आमचीच जरा घाई झाली."

"यह कौन-सा इंटरवल है, डॉक्टर?" ओट्यावरून माथुरसाहेबांनी विचारलं. डॉक्टरांनी फळा खालून वर वाचला. त्यात ओटी भरणं कुठंच नव्हतं. माथुरसाहेबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं. सुस्कारा सोडला. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. ते रत्नाबाईच्या नजरेतून सुटलं नाही. ती परचुरेच्या कानाशी आली.

"ह्यांच्यातबी दिवस भरल्यात का काय वो?"

तिच्या मागं हसणं ओसरलं होतं. बायकांनी सुपं उचलून हातात धरली होती आणि त्या परचुरेच्या तोंडाकडे बघत होत्या. एका 'हो'चं काम होतं. तो म्हटला असता तर त्या तुटून पडल्या असत्या कामावर. मफलरवाल्या परक्या माणसाची परक्या मुलखातली बायको, तिच्यासाठी यांनी पुन्हा इंजिनाचा पट्टा उतरवला असता. आणि तो शब्द खोटाही ठरला नसता. दिल्लीत कशाचे ना कशाचे दिवस भरलेलेच असणार. मंडळ, तीन वर्षं, 'तात्पुरता', रिमांची माडी, सगळं त्याला अगदी स्वच्छ दिसलं. मग त्याला कुमुद दिसली. मांडीवर तांदूळ, हातात कुंची. आणि तीही इतरांसारखीच त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"न्हाई," परचुरे म्हणाला. त्या मुलखात इतके आठवडे काढून त्यांच्या बोलीतलं पहिलं वाक्य तो बोलत होता. "ह्यांची कुनी वाट बगत न्हाई. ह्यांना नुसती घाई हाय."

"मंग बसा म्हनावं की," रत्नाबाई म्हणाली. "च्या टाकते." तिनं सूप उलटं करून भिंतीला टेकवलं. साळूबाईनं टेकवलं. एकेक करून सगळी सुपं भिंतीला लागली. पुढं पाखडायला कुणी उरलं नाही तशी जयसिंगनं इंजिन बंद केलं, आणि गिरणीत एवढी शांतता झाली की आवारातल्या भातावर उतरलेल्या चिमण्यांची टोच ऐकू यायला लागली.

"परचुरे!" डॉक्टर भडकमकर हॅट सावरत धावत आले. "अहो, काम थांबलं! हे काय चाललंय?"

"हो सर!" परचुरे म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, आणि आनंदानं त्याला धड उभं राहवत नव्हतं. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, रेषा वर का जाते? या, आधी बसा इथं. माथुरसाहेबांनाही बोलवा. खाली येतेय ती, आता नीट बघता येईल."

आणि त्यानं तुसाचं एक पोतं झटकून दोघांना बसायला दिलं.